मिटल्या कानांची दाद कोण घेणार?

(हुबळी येथे मराठी भाषिकांच्या मेळाव्यात आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. विषय हुबळी-धारवाडपुरता नसल्यामुळे सीमाभागातील सर्व वाचकांपुढे तो ठेवीत आहोत.)



आपल्या मेळाव्यात बोलावयास जो उभा राहतो तो सीमाप्रश्नावरच बोलणार, हे आपण धरूनच आलेले असता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला; ही सारी बखर येथील शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो त्यांत हुबळी-धारवाड नाही, हेही आपण जाणता. आणि तरीही बेळगाव, कारवार, बिदर येथील बांधवांचे दुःख आपण आपले मानत आला आहात. त्याबद्दल आपले उतराई होणे आम्हांस शक्य नाही. परंतु आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो आमच्या कोणत्याही ठरावात आल्याचे आम्हांस स्मरत नाही. काही मुले जन्मास येतात तीच कानाचे दार मिटलेले घेऊन. त्या मुलांविषयी आम्ही बोलणार आहोत.

आपण म्हणाल, हा वैद्यांचा विषय. चळवळीच्या व्यासपीठावर त्याचे काय काम? आमचे उत्तर असे की, आपली चळवळ भाषेसाठी आहे आणि भाषा माणसात शिरते ती कानावाटे. पाटीवरचे अक्षर, छापलेले पुस्तक, दुकानावरची पाटी हे सर्व मागाहून येते. आईच्या मांडीवर पडलेले मूल जे ऐकते तीच त्याची पहिली शाळा. त्या शाळेचे दार ज्याच्यासाठी बंद आहे, त्याच्या बाजूने आपण उभे राहिलो नाही, तर मातृभाषेचे नाव घेण्याचा आपला अधिकार थोडा उणाच पडेल.

प्रथम व्याधी काय आहे ते पाहू. काही मुलांचा बाहेरचा कान जन्मतः पुरता घडलेला नसतो. एखाद्याचा कान केवळ लहान व वाकडा असतो. एखाद्याच्या कानाच्या जागी मांसाची लहानशी गाठ तेवढी असते. त्याबरोबर पुष्कळदा कानाच्या पडद्याकडे जाणारी नलिकाच तयार झालेली नसते. तिच्या जागी सरळ हाड असते. जगभरच्या नोंदी पाहता, बाहेरचा कान अपुरा असलेले मूल साधारणपणे ५ ते १० हजार जन्मांमागे एक आढळते. बहुतेकांचा एकच कान बाधित असतो, आणि तो डाव्यापेक्षा उजवा अधिक वेळा. काहींचे मात्र दोन्ही कान मिटलेले असतात. त्यांचीच अवस्था अधिक कठीण.

परंतु येथे निसर्गाने एक मेहरबानी केलेली असते, आणि आमच्या आजच्या बोलण्याचा सारा भर तिच्यावरच आहे. कानाचे तीन भाग आपण शाळेत शिकलो: बाहेरचा कान, मधला कान, ज्यात हातोडी, ऐरण व रिकीब ही इवलीशी हाडे असतात, आणि आतला कान, ज्यात शंखाच्या आकाराचे खरे श्रवणेंद्रिय असते. गर्भात बाहेरचा व मधला कान ज्या पेशीसमूहांपासून घडतात, त्यांहून आतल्या कानाचा उगम वेगळा आहे. म्हणून बाहेरची घडण बिघडली तरी आतला शंख बहुतेक वेळा शाबूत राहतो. घरात दिवा लागलेला आहे, माणसे जागी आहेत. फक्त रस्त्याकडचे दार भिंतीने बुजलेले आहे, अशी ही स्थिती आहे. अशा कानाची ऐकण्याची शक्ती सामान्यतः ४० ते ६० डेसिबलने कमी भरते. आपले नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते; तेव्हा दोन्ही कान मिटलेल्या मुलाला आईचे बोलणे भिंतीपलीकडच्या कुजबुजीसारखे पोहोचते, किंवा पोहोचतही नाही.

दार बुजले असेल तर आत जाण्याची दुसरी वाट आहे काय? आहे, आणि ती आपणां प्रत्येकाच्या डोक्यात आहे. दोन्ही कानांत घट्ट बोटे घाला, ओठ मिटा आणि मकाराचा सूर धरा. आवाज कमी होण्याऐवजी मोठा झाल्याचे आपल्याला कळेल. तो आवाज हवेतून आलेला नाही. कवटीच्या हाडातून थेट आतल्या शंखापर्यंत गेलेला आहे. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांचा, मल्लिकार्जुन मन्सुरांचा आणि गंगूबाई हनगलांचा हा मुलूख आहे. येथे तंबोऱ्याला तोटा नाही. मिरजेच्या कारागिराने घडवलेला तंबोरा कोणी छेडीत असता, आपले कान झाकून त्याच्या दांडीला कानामागचे हाड टेकवून पाहा. षड्ज हाडातून चालत येतो. अस्थिवहन म्हणतात ते हेच. त्यात जादू नाही आणि नवलही नाही.

या साध्या गोष्टीचे उपकरण व्हावयास मात्र मोठा काळ जावा लागला. स्वीडनमधील शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० नंतरच्या दशकात सशांच्या हाडांवर प्रयोग करताना असे आढळले की, टायटॅनियम या धातूला जिवंत हाड परके मानीत नाही. ते त्याला घट्ट धरून त्याच्याभोवती वाढते. प्रथम या शोधाचा उपयोग दातांसाठी झाला. पुढे १९७७ साली गोथेनबर्ग येथे आन्डेर्स ट्येलस्ट्रॉम या कानाच्या शल्यवैद्याने पहिल्या रुग्णांच्या कानामागील हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवला आणि त्यावर ध्वनीची कंपने करणारे यंत्र अडकवले. बाहेरचा आवाज यंत्र टिपते, त्याचे कंपन करते, स्क्रू ते हाडाला देतो आणि हाड आतल्या शंखाला. बुजलेल्या दाराला हातही न लावता आवाज घरात पोहोचतो.

त्यानंतर या उपकरणाचे प्रकार झाले. एकात स्क्रूचे टोक कातडीबाहेर राहते. त्याची रोज स्वच्छता ठेवावी लागते, नाहीतर भोवतालची कातडी सुजते, पिकते. दुसऱ्यात कातडीखाली लोहचुंबक बसवतात आणि बाहेरचे यंत्र त्याला चिकटून राहते. तिसऱ्यात कंपन करणारा भागच कातडीखाली हाडावर बसवलेला असतो. कोणते उपकरण कोणास योग्य हे हाडाची जाडी, वय, श्रवणाची चाचणी व खर्च पाहून वैद्यच सांगू शकतो. लहान मुलांची कवटी पातळ असल्यामुळे स्क्रूची शस्त्रक्रिया सहसा लगेच करीत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ साली मुलांसाठी तिला मान्यता दिली, ती ५ वर्षांवरील मुलांपुरतीच.

सज्जनहो, याच जागी आमच्या घराघरांत मोठी चूक होते. 'शस्त्रक्रिया पाच वर्षांनंतर' हे वाक्य आईबाप ऐकतात आणि त्याचा अर्थ 'पाच वर्षे काहीच करावयाचे नाही' असा घेतात. परंतु तेच कंपन करणारे यंत्र कापडी पट्ट्यावर बसवून डोक्याभोवती बांधता येते. त्याला सुरी लागत नाही, भूल लागत नाही. मूल काही महिन्यांचे असतानाच ते बांधता येते. कातडीतून जाताना कंपनाचा काही भाग विरतो हे खरे. तरीही आईचा शब्द मुलाच्या आत पोहोचतो, आणि त्या वयात त्याहून मोठे काही नसते.

हुबळीतील एका कुटुंबाची हकिगत आम्हांस ठाऊक आहे. नावगाव सांगत नाही, कारण कोणास दुखवणे हा आमचा हेतू नाही. घर मराठी. मुलगी जन्मली ती दोन्ही कान मिटलेली. बारशाला आलेल्या बायकांनी सुनेला विचारले, "ग्रहणात काही चिरलंस का ग?" त्या एका प्रश्नाने त्या माउलीचे पुढचे वर्ष रडण्यात गेले. एका दवाखान्यात सांगण्यात आले, "मोठी झाली की बघू." कोणी कानाच्या जागी कोमट तेल सोडावयास सांगितले, कोणी नवस सांगितला. सासरे हौसेने म्हणत, "पोर शांत आहे हो, त्रास म्हणून देत नाही." पोर शांत होते, कारण त्याच्यापर्यंत घर पोहोचतच नव्हते. तीन वर्षे उलटल्यावर एका नातलगाच्या आग्रहाने चाचणी झाली. आतला कान उत्तम असल्याचे कळले. पट्टा बांधला, त्या दिवशी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मुलगी दचकून आईच्या पायाला बिलगली. आईने आम्हांस सांगितले, "तीन वर्षांत ती पहिल्यांदा घाबरली, आणि मला इतका आनंद झाला की मी रडले."

ही हकिगत येथे संपती तर आम्ही ती आपल्यापुढे विस्ताराने मांडली नसती. पुढे मुलीला बोलण्याचे शिक्षण सुरू झाले. शिकवणारी बाई मनापासून शिकवी. पण तिच्याजवळची चित्रे, गाणी, शब्द सारे कानडी. त्यात तिचा दोष नव्हता. मग कोणीतरी सल्ला दिला की, अशा मुलीवर दोन भाषांचे ओझे नको. घरातही एकच भाषा बोला. त्या कुटुंबाने तो सल्ला शिरोधार्य मानला. आईबाप मोडक्यातोडक्या कानडीत मुलीशी बोलू लागले. आजीला कानडी बाजारापुरतीच येत होती. नातीचे नुकसान होऊ नये म्हणून त्या म्हातारीने तिच्याशी बोलणेच सोडून दिले. ज्या घरात नात तीन वर्षे ऐकू शकत नव्हती, त्याच घरात ती ऐकू लागल्यावर आजी मुकी झाली!

बंधूंनो, हा सल्ला चुकीचा होता. वाचाश्रवणशास्त्राचे आजचे मत असे आहे की, श्रवणदोष असलेल्या मुलालाही, त्यास ऐकू येण्याची सोय वेळेवर झाली तर, दोन भाषा येऊ शकतात. आणि घरातली माणसे जी भाषा सहज, भरभरून बोलतात तीच त्याच्याशी बोलावी. मोडक्या भाषेतल्या शंभर शब्दांपेक्षा आजीची एक ओवी मुलाच्या बुद्धीला अधिक पोसते. पुढे दुसऱ्या एका वाचातज्ज्ञाने हेच सांगितले, तेव्हा आजीचे तोंड उघडले. आज ती मुलगी शाळेत कानडी बोलते, आजीशी मराठी भांडते. धारवाडात हे नवल नव्हे. ज्यांच्या घरची भाषा मराठी होती ते द. रा. बेंद्रे याच गावी कानडीचे महाकवी झाले, आणि १९७३ सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. दोन भाषांनी माणूस बुडत नाही. आपली पहिली भाषा हिरावली गेली म्हणजे बुडतो.

आता आपल्यातील आईबापांस काही गोष्टी आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट ग्रहणाची. बाहेरच्या कानाची घडण गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच सुरू होते. तेव्हा पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची नीट खात्रीही झालेली नसते. विळी, सुई, चंद्र, सूर्य यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. काही औषधे व काही आनुवंशिक विकार कारण ठरतात. बहुतेक वेळा निश्चित कारण सापडतच नाही. तेव्हा सुनेला दोष देणारी जीभ आवरावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.

दुसरी गोष्ट चाचणीची. नवजात बालकाच्या कानात नळी बसवून जी झटपट तपासणी करतात, ती मिटलेल्या कानात करताच येत नाही. तेथे मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणलहरी मोजणारी 'बेरा' ही चाचणी, आणि तीही हाडावर कंपक ठेवून, करून घ्यावी. आतला कान शाबूत आहे की नाही हे तीच सांगते. कारण काही थोड्या मुलांत तोही बाधित असतो. जबडा, मान, मूत्रपिंडे यांचीही तपासणी वैद्यास विचारून करावी. काहींत ते दोष जोडीने येतात. एकच कान मिटलेला असेल, तर मूल बहुधा बोलू लागते आणि घर निर्धास्त होते. पण अशा मुलास आवाज कोणीकडून आला ते कळत नाही आणि गोंगाटात शब्द सुटतात. वर्गात चांगला कान गुरुजींकडे येईल असे त्यास बसवावे, आणि त्या चांगल्या कानाची सर्दी-पूदेखील दुर्लक्षू नये.

तिसरी गोष्ट घाईची. मिटलेल्या कानास भोक पाडून मार्ग करण्याची शस्त्रक्रिया आहे. ती सर्वांस मानवत नाही, आणि केलेला मार्ग पुन्हा आकसतो असाही अनुभव आहे. बरगडीच्या कूर्चेपासून कानाचा आकार घडवता येतो, तो साधारण ६ ते १० वर्षांच्या वयात. ही कूर्चेची शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर श्रवणाचे उपकरण बसवण्यापूर्वी दोन्ही शल्यवैद्यांनी एकत्र विचार करावा. नाहीतर एकाच्या टाक्याने दुसऱ्याची जागा बिघडते. दिसणारा कान थांबू शकतो. ऐकणे थांबू शकत नाही.

चौथी गोष्ट नावाच्या घोटाळ्याची. 'कॉक्लियर इम्प्लांट' हे नाव आता खेडोपाडी पोहोचले आहे. ते उपकरण आतला शंखच निकामी असलेल्यांसाठी असते. मिटल्या कानाच्या, पण शंख शाबूत असलेल्या मुलाला ते नको. त्यास अस्थिमार्गाने ऐकवणारे उपकरण हवे. दोहोंत गफलत झाल्यामुळे लोक चुकीच्या दारी जातात.

कोठे जावे, असे आपण विचाराल. हुबळीस १९५७ साली निघालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, धारवाडनजीक सत्तूर येथे मोठे रुग्णालय आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामास वाहिलेली आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी समाविष्ट आहे. अंगणवाडीत वा शाळेत येणाऱ्या पथकापासून मुलाचा कान टोपीखाली लपवू नये, उलट दाखवावा. उपकरणाची किंमत काही लाखांत जाते, ती सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरची आहे. म्हणून कोणत्या योजनेतून काय मिळेल ते लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. अर्ज कसा करावा व उत्तराचा पाठपुरावा कसा करावा, हे सीमाभागातील माणसाला शिकवण्याची गरज नाही. आपली तीन पिढ्यांची हयात त्यातच गेली आहे.

आणि आता रेषेविषयी. नकाशावरची रेषा माणसाचे काय करते ते आपण जाणतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही एक रेषा आहे. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची उणीव असेल तर 'श्रवणक्षीण', ७० असेल तर 'बधिर'. मिटल्या कानाची उणीव पुष्कळदा पन्नाशीच्या आसपास असते. एकच कान मिटलेला असेल तर तो या व्याख्येत बसतच नाही. म्हणजे मूल शब्दाला मुकते, पण रेषेच्या अलीकडे राहते म्हणून त्याची गणना नाही. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ८६५ सीमागावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले, तेव्हा दोन राज्यांत वाद झाला. रुग्णाच्या खाटेवरून वाद व्हावा याची आम्हांस खंत वाटते. आमचे म्हणणे असे की, आजारी मुलास कोणत्या सरकारचा हात आधी पोहोचला याची फिकीर नाही. हात पोहोचला पाहिजे.

म्हणून आपल्यापुढे तीन मागण्या ठेवतो. जन्मतः कान मिटलेल्या प्रत्येक मुलाची अस्थिमार्गाची चाचणी पहिल्या सहा महिन्यांत सरकारी खर्चाने व्हावी. पट्ट्याचे उपकरण, डेसिबलची रेषा आडवी न घालता, गरजेप्रमाणे मिळावे. आणि वाचाशिक्षण मुलाच्या घरच्या भाषेतून सुरू व्हावे. ज्या १९५६ सालाने आपणांस रेषेपलीकडे टाकले, त्याच साली सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम संविधानात आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. ज्याला ऐकण्यापासूनच सुरुवात करावयाची आहे त्या मुलाचे प्राथमिक शिक्षण म्हणजे वाचाशिक्षणच, असे आम्ही मानतो.

ही मागणी आम्ही केवळ मराठी मुलासाठी करीत नाही. जत, अक्कलकोट येथील कानडी घरात असे मूल जन्मले, तर त्याला कानडीतूनच बोलावयास शिकवले जावे, म्हणून महाराष्ट्राच्या दारीही आम्ही उभे राहू. जो न्याय स्वतःसाठी मागतो तो दुसऱ्यास नाकारणारा माणूस न्याय मागत नसतो, मालकी मागत असतो.

सरकार मागण्या मान्य करील तेव्हा करील. परंतु एक काम आज घरी गेल्यावर करता येण्याजोगे आहे. आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात टोपीखाली किंवा केसांच्या बटेखाली कान झाकलेले एखादे मूल असेल. त्याच्या आईला जाऊन एवढेच सांगा की तिचे काही चुकलेले नाही, मुलाचे श्रवण आत जागे असण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि चाचणी याच आठवड्यात करावयाची आहे. तिच्याबरोबर दवाखान्यात जावयास कोणी नसेल, तर आपण स्वतः जा. आमच्या भाषणाचे एवढे जरी फळ आले, तरी आम्ही ते वाया गेले असे मानणार नाही.